चर्चची शाळा आणि कोथरूडचा फ्लॅट

फेअरफॅक्स काउंटीत राहून मुलीला फी भरून शाळेत घालायचं म्हटलं की आपली मंडळी आधी तब्येतीची चौकशी करतात. व्हर्जिनियाच्या या भागात लोक घरं घेतात तीच मुळी सरकारी शाळा बघून. घराच्या किमतीत आणि दरवर्षीच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये शाळेचे पैसे जाऊन बसलेले असतात. शिवाय मूल पाचवीत गेलं की 'टीजे'चं वारं अंगात येतं. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल, विज्ञान-तंत्रज्ञानासाठी नावाजलेली सरकारी शाळा. तिथे नंबर लागावा म्हणून शनिवार-रविवार क्लासला जाणारी मुलं आमच्या गल्लीत तरी निम्मी असतील. अशा ठिकाणी आम्ही सहावीतल्या लेकीसाठी एका एपिस्कोपल शाळेचा अर्ज भरतोय हे कळल्यावर मंडळाच्या गणपतीत मला दोघींनी बाजूला घेतलं. एक म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागे." दुसरीने आवाज खाली आणून विचारलं, "चर्चची ना गं ती?"

कारण साधं होतं. आमच्याकडे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, मग सातवी-आठवीची मिडल स्कूल वेगळी. आमच्या वाट्याला येणारी मिडल स्कूल हजारापेक्षा जास्त मुलांची. शाळा चांगलीच आहे, तक्रार काही नाही. पण लेक अबोल. मार्क बरे, दंगा नाही, त्यामुळे कोणाच्या नजरेतही नाही. सलग तीन वर्षं पालकसभेत "गोड मुलगी आहे" यापलीकडे शिक्षकांना तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची मुलं अलेक्झांड्रियाच्या बाजूला एका छोट्या शाळेत जात होती, वर्गात पंधरा-सोळा मुलं. तिच्यामुळे आम्ही त्या शाळेकडे आणि तशाच आणखी एका शाळेकडे वळलो. दोन्हींची नावं इथे देत नाही.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. त्यांचं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे शाळा हा विषय निघाला की त्यांना बाजूला बसवत नाही. "म्हणजे मिरजेच्या वानलेसवाल्यांची का?" त्यांनी विचारलं. सांगली-मिरजेकडे मिशन म्हटलं की वानलेस हॉस्पिटलच डोळ्यांपुढे येतं. म्हटलं, अहो आई, ते प्रेसबिटेरियन, त्यांच्यात बिशप नसतात. हे बिशपवाले. इंग्लंडच्या राजाचं जे चर्च, त्याचीच अमेरिकेतली शाखा. आपल्या पुण्यातली बिशप्स किंवा सेंट मेरीज त्याच घराण्यातली. तिकडचं ते चर्च १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं. "मग ह्यांना राजा कसा चालला?" सासूबाई. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मला त्या रात्री वाचूनच द्यावं लागलं.

नाहीच चालला. अमेरिकन क्रांतीच्या आधी व्हर्जिनियात इंग्लंडचं चर्च हेच सरकारी चर्च होतं, त्याचा खर्च लोकांच्या करातून भागायचा. विल्यम्सबर्गचं विल्यम अँड मेरी कॉलेज १६९३ चं, त्याच चर्चच्या माणसांनी काढलेलं. अलेक्झांड्रियात क्राइस्ट चर्च अजून आहे, जॉर्ज वॉशिंग्टन तिथे जायचे. इंग्लंडशी लढाई झाली आणि या चर्चची पंचाईत झाली, कारण पाद्र्यांनी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेली. १७८४ मध्ये सॅम्युएल सीबरी नावाच्या पाद्र्यांना बिशप व्हायचं होतं, पण इंग्लंडमध्ये राजनिष्ठेची शपथ आडवी आली, म्हणून ते स्कॉटलंडला जाऊन बिशप होऊन आले. १७८९ पर्यंत अमेरिकेचं वेगळं एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. तोवर व्हर्जिनियाने १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला होता. ज्यांच्या नावाची शाळा म्हणून आमच्या गल्लीने देव पाण्यात ठेवलेत, त्याच जेफरसनांनी तो लिहिलेला. सरकारी पैसा आटला. मग या चर्चने पुन्हा पाय रोवले त्यात शाळा-कॉलेजांचा वाटा मोठा. अलेक्झांड्रियात १८२३ मध्ये पाद्री घडवणारी सेमिनरी निघाली आणि १८३९ मध्ये तिच्या शेजारीच मुलग्यांचं एपिस्कोपल हायस्कूल.

आज या चर्चचे सभासद जेमतेम १५ लाखांच्या आसपास, अमेरिकेच्या मानाने चिमूटभर. पण शाळा आणि बालवाड्या मिळून हजाराच्या वर. न्यू यॉर्कची ट्रिनिटी स्कूल १७०९ ची. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटनमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट शिकले, वॉशिंग्टनच्या सेंट अल्बन्समध्ये अल गोर. हे वाचून नवरा खूश झाला. मला मात्र तिथेच पहिल्यांदा वाटलं की धर्मापेक्षा दुसरीच कुठली तरी गोष्ट आपण तपासायला हवी.

ऑक्टोबरात ओपन हाउसला गेलो. शाळेतल्या एका चालू दिवशी पालकांना सकाळच्या चॅपेलला बसू देतात. सासूबाई इरकल, वर जाड स्वेटर आणि पायात नातीचे जुने स्पोर्ट्स शूज अशा तयारीने आल्या. चॅपेल म्हणजे शाळेच्या आवारातलंच लहान चर्च. लाकडी बाकांच्या पाठीला कप्पे, त्यांत दोन-दोन पुस्तकं, एक प्रार्थनेचं आणि एक गाण्यांचं. गुडघे टेकायच्या उशांवर लोकरीने भरतकाम केलेलं: जहाज, शिंपला, घुबड. प्रत्येक उशी वेगळी, कुण्या कुण्या आयांनी भरलेली. पुढे एक मुलगी उंच दांड्यावरचा क्रॉस घेऊन चालत आली, तिच्या बुटाची नाडी सुटलेली होती. एक गाणं झालं. आठवीतल्या मुलाने बायबलमधला उतारा अडखळत वाचला. मग एक मोठा मुलगा उभा राहिला, मुसलमान घरातला, आणि रमजानचे रोजे ठेवून फुटबॉलचा सराव कसा करतो यावर पाच मिनिटं बोलला. मुलं हसली, टाळ्या पडल्या. मग आठवड्यातले वाढदिवस, सामन्यांचे निकाल, मिनिटभर शांतता, एक प्रार्थना. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "परिपाठच की हा!"

खरंच. प्रार्थना, सुविचार, बातम्या, वाढदिवस, मौन. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात आयुष्यभर घेतलेला परिपाठ त्यांना ओळखू येणारच. फक्त इथे परिपाठाच्या मध्यभागी येशू होता, आणि त्याबद्दल कोणी आडपडदा ठेवत नव्हतं.

चॅपेल चालवणाऱ्या बाई याच शाळेच्या चॅप्लिन, स्वतः पाद्री. या चर्चने स्त्रियांना पाद्री होण्याचा रस्ता १९७६ मध्ये अधिकृतपणे मोकळा केला. चहाच्या टेबलाशी मी त्यांना सरळ विचारलं: आम्ही हिंदू, मुलीला हे सगळं सक्तीचं आहे का? त्यांनी शब्द मवाळ केले नाहीत. चॅपेलला बसणं सक्तीचं. प्रार्थना म्हणणं नाही. वर्षातून काही वेळा प्रभुभोजनाचा विधी होतो, त्यात भाकर आणि द्राक्षरस घेण्याची अपेक्षा बाप्तिस्मा झालेल्यांकडूनच. बाकीच्यांनी जागेवर बसावं, किंवा पुढे जाऊन छातीवर हात आडवे धरावेत, म्हणजे नुसता आशीर्वाद मिळतो. जगातल्या धर्मांचा अभ्यासक्रम सगळ्यांना असतो, त्यात हिंदू धर्मही येतो. "आम्ही कोणाला ख्रिस्ती करायला बसलेलो नाही," त्या म्हणाल्या, "पण आम्ही ख्रिस्ती नाही असं सोंगही करणार नाही." माझी धर्माची काळजी तिथे बरीचशी मिटली. ज्या शाळा 'आमचा कुठलाच रंग नाही' म्हणतात त्यांच्यापेक्षा, आपला रंग सांगून टाकणाऱ्या शाळेशी व्यवहार करणं सोपं.

मग सुरू झालं कागदांचं. या भागातल्या खासगी शाळांचं वेळापत्रक ठरलेलं: शरदात भेटी, जानेवारीत अर्ज, मार्चमध्ये निकाल. दरम्यान एसएसएटी, म्हणजे खासगी शाळांची प्रवेशपरीक्षा. सातवीच्या प्रवेशाला तिचा मिडल लेव्हलचा पेपर. गणित, उताऱ्यावरचे प्रश्न, शब्दसंग्रह. वर एक लेखन, त्याला मार्क नाहीत पण ते शाळांना जसंच्या तसं पाठवलं जातं. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. हे ऐकून जेईई दिलेल्या माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती मी लग्नानंतर क्वचितच पाहिली आहे. त्याने लगेच कोणता प्रश्न सोडायचा आणि कोणता ठोकायचा याचं कोष्टक केलं. लेकीला गणिताची भीती नव्हतीच. ती अडली शब्दांपाशी. साठ प्रश्न निव्वळ शब्दांचे, तीस समानार्थी आणि तीस 'याचं त्याच्याशी जे नातं, तेच याचं कशाशी' अशा जोड्यांचे. घरी मराठी बोलणारं, शाळेत मोजकं बोलणारं मूल. 'स्टॉइक' आणि 'ऑस्टिअर' हे शब्द तिच्या कानावर पडणार कुठून?

निकाल आला तेव्हा घरात दुखवटा असल्यासारखं झालं. शब्दसंग्रहात ६० च्या घरातला पर्सेंटाइल. काउंटीच्या चाचण्यांत नव्वदीच्या वर राहायची सवय असलेल्या घराला हे पचणारं नव्हतं. त्यात एक मेख असते आणि ती नवीन पालकांना कोणी सांगत नाही: हा पर्सेंटाइल देशातल्या सगळ्या मुलांमध्ये नसतो, खासगी शाळांसाठी हीच परीक्षा देणाऱ्या मुलांमध्ये असतो. म्हणजे आधीच चाळून घेतलेल्यांमध्ये. ६० म्हणजे बरंच बरं. पुन्हा परीक्षा द्यायची का यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी लेकच म्हणाली, "मी नाही देणार." तिने ठामपणे काही नाकारलेलं बघून मला उलट बरं वाटलं.

पालकांनीही मुलीबद्दल लिहून द्यायचं असतं. नवऱ्याच्या पहिल्या मसुद्यात अबॅकसच्या पातळ्या, कथकच्या परीक्षा आणि स्पेलिंग बीतला तिसरा नंबर. सासूबाईंनी मराठीत वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "ही मुलगी कोण? मी ओळखत नाही हिला." मग आम्ही लिहिलं की ती मुंग्यांची रांग बघत अर्धा तास बसते, तिला चिडवलेलं उशिरा कळतं पण विसरत नाही, आणि आजीला फोनवरची मोठी अक्षरं तिनेच लावून दिली. मुलाखतीत त्यांनी मुंग्यांबद्दलच विचारलं. अबोल मुलगी वीस मिनिटं बोलली म्हणे.

मुलाखतीआधी मी आणखी थोडं वाचलं होतं, कारण रूझवेल्ट-गोर यांच्या यादीने डोक्यात किडा सोडलेला. अमेरिकेच्या दक्षिणेत खासगी शाळेचं स्थापनावर्ष बघण्याची सवय लावून घ्यावी. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या आणि पुढच्या वीसेक वर्षांत गोऱ्या मुलांसाठी ठिकठिकाणी खासगी शाळा निघाल्या. धर्माचं नाव त्यातल्या कितीतरींना होतं. एपिस्कोपल चर्चही त्यातून सुटलेलं नाही. १९६३ मध्ये अटलांटातल्या लव्हेट स्कूलने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मुलाला प्रवेश नाकारला, आणि ती शाळा तेव्हा एपिस्कोपल चर्चशी जोडलेली होती. पाद्र्यांमधूनच निषेध झाला आणि त्या भागाच्या बिशपक्षेत्राने शाळेशी संबंध तोडला. अलेक्झांड्रियाची ती सेमिनरी गुलामांच्या श्रमांवर उभी राहिली, आणि हे तिने स्वतः कबूल केलंय. २०१९ मध्ये तिथे राबलेल्यांच्या वंशजांसाठी १७ लाख डॉलर्सचा निधी जाहीर केला.

याच चर्चने यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीही शाळा काढल्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराचं सेंट ऑगस्टीन्स १८६७ चं. इथल्याच, व्हर्जिनियातल्या लॉरेन्सव्हिलला १८८८ मध्ये जेम्स सॉलोमन रसेल यांनी सेंट पॉल्स काढलं. ते स्वतः व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेले, पुढे पाद्री झालेले. ते कॉलेज पैशांअभावी २०१३ मध्ये बंद पडलं. ग्रोटन बंद पडत नाही. कोणाच्या माजी विद्यार्थ्यांकडे पैसा आहे, यावर कुठली शाळा शतकं काढणार हे ठरतं. चर्च एकच असलं तरी.

म्हणून मुलाखतीत, "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर मी चॅपेल सोडून पैशाचं विचारलं. किती मुलांना मदत मिळते, आणि ती मुलं वर्गात ओळखू येतात का? प्रवेश विभागाच्या बाईंनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात दिलं. दुसऱ्यावर थोडं थांबून म्हणाल्या, "सहलींचे आणि लॅपटॉपचे पैसे आम्ही मदतीतच धरतो. सुट्टीत कोण कुठे गेलं हे आम्ही झाकू शकत नाही." प्रामाणिक उत्तर. नवरा गाडीत मला म्हणाला की असलं विचारलंस, आता नंबर लागत नाही.

फी वर्षाला ४० हजार डॉलर्सच्या पुढे. आम्ही दोघं नोकरी करतो, भीक मागायची पाळी नाही, पण धाकटाही आहे आणि घराचा हप्ता आहे. आर्थिक मदतीचा फॉर्म भरला. असा फॉर्म भरला की आपण किती उघडे आहोत ते कळतं. टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, गाड्यांची मॉडेल्स, निवृत्तीची खाती. मग 'इतर स्थावर मालमत्ता'. तिथे आमचा कोथरूडचा फ्लॅट आडवा आला. नवऱ्याच्या नावावर, सासूबाई पुण्याला आल्या की उतरतात, एरवी बंद. त्याची आजची किंमत लिहिली तर आम्ही श्रीमंत. न लिहिली तर खोटं. "लिहा, लपवायचं काय त्यात," सासूबाई म्हणाल्या, "पण विकून खायला तो काय बाजरीचं पोतं आहे का, हेही लिहा." शेरा लिहायला जागा होती, तिथे लिहिलं की त्या घरावर आईचा वापर आहे, उत्पन्न शून्य, आणि आईच्या औषधपाण्याचे पैसे दरमहा आम्ही पाठवतो. शाळेतून फोन आला. त्यांना एकत्र कुटुंब समजावून सांगायला अर्धा तास गेला, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि नोंदही केली.

मार्चमध्ये एकाच संध्याकाळी दोन्ही निकाल आले. एका शाळेत प्रतीक्षा यादी. दुसरीत, चॅपेल बघितलेल्या शाळेत, होकार, आणि फीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी मदत. उत्तर द्यायला महिनाभराची मुदत. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं की ठरावीक तारखेनंतर मूल काढलं तरी वर्षाची पूर्ण फी देणं बंधनकारक. ते वाचून सही करा, असं मी भेटेल त्याला सांगते.

लेकीचं आता दुसरं वर्ष चालू आहे. चॅपेलमधली गाणी तिला पाठ झालीत आणि ती अंघोळ करताना म्हणते. गणपतीत 'सुखकर्ता'ही तेवढ्याच बेसूर म्हणते. प्रभुभोजनाला ती जागेवरच बसते, तिच्या दोन ज्यू मैत्रिणीही बसतात. दिवाळीत तिला चॅपेलमध्ये बोलायला सांगितलं तर तिने लक्ष्मीपूजन सोडून किल्ल्याबद्दल सांगितलं: मातीचा किल्ला, अळीव पेरणं, आजीने सांगलीहून आणलेले मावळे. भारतात कधी अख्खी दिवाळी न काढलेली ही मुलगी.

मला खुपतं ते दुसरीकडे. वॉशिंग्टनच्या साउथईस्ट भागात याच चर्चने २००८ मध्ये बिशप जॉन वॉकर यांच्या नावाने मुलग्यांची शाळा काढली आहे, फी अजिबात नाही, सगळं देणग्यांवर. वॉकर हे वॉशिंग्टनचे पहिले कृष्णवर्णीय बिशप, आणि अलेक्झांड्रियाच्या त्या सेमिनरीतले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थीही. शिक्षण सगळ्यांना मिळावं असं चर्चला वाटतं तेव्हा काय उभं राहू शकतं, ते तिथे दिसतं. पण तशी एक शाळा चालवायला दरवर्षी देणगीदार शोधावे लागतात, आणि आमच्यासारख्यांच्या शाळा फीवर आपोआप चालतात. लेकीच्या शाळेत सेवेचे तास असतात, कधी जेवणाची पाकिटं भरतात, कधी लहान मुलांना वाचून दाखवतात. चांगलं आहे. त्याने हिशेब जुळत नाही. हे मी चॅप्लिनबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "नाही जुळत," आणि पुढच्या देणगी समितीच्या बैठकीचं आमंत्रण दिलं. मी जाते. तिथे माझ्याइतकं जुनं जॅकेट घातलेलं दुसरं कोणी नसतं.

जानेवारीत पुढच्या वर्षाचा करार येईल. फी वाढलेली असणार, मदतीचा फॉर्म नव्याने भरायचा, कोथरूडच्या फ्लॅटची किंमत पुन्हा लिहायची. मोठीचं नाव आम्ही चालू ठेवणार. धाकटा यंदा पाचवीत आहे, बडबड्या, वर्गात सगळ्यांच्या नजरेत. काउंटीची मिडल स्कूल घरापासून दहा मिनिटांवर आहे, बस दारात येते, आणि त्याला टीजेलाच जायचंय.